काळ्या चकतीचा कप्पा

वाटणीत थोरल्या भावाने हमरस्त्यावरचं दुकान घेतलं आणि मला मागची शेड दिली, जुन्या स्पेअर पार्टच्या ढिगांसकट. वर म्हणाला, "तुझ्या डोक्यात सगळं हाय, तुला रॅक कशाला?" हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पण त्याचं एक खरं होतं. कवठे महांकाळच्या त्या शेडमध्ये काय कुठे आहे ते फक्त मला माहीत. कारण माल मी सौद्यांप्रमाणे लावायचो. हे सांगलीच्या लिलावातलं, हे साताऱ्याच्या बंद कारखान्यातून उचललेलं, हे जतच्या एका म्हाताऱ्याला तीनदा चहा पाजून भाव पाडून घेतलेलं. एकाच मापाचं बेअरिंग पाच ढिगांत पडलेलं असायचं. पण पाचही सौदे मला पाठ होते.

मग डॉक्टरांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. सांगलीत आठ दिवस, तेही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा जतकडचे पाण्याचे टँकर रोज कुठे ना कुठे बंद पडतात. शेडला कुलूप लागलं तर ती सगळी गिऱ्हाइकं भावाकडे जाणार, आणि एकदा गेलेली परत येत नाहीत. म्हणून महिनाभर आधी साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार कामाला ठेवले. फौजेत त्यांनी स्टोअर सांभाळलेलं. पगारावर मी तासभर घासाघीस केली. ते शांत ऐकत बसले आणि शेवटी आपला पहिलाच आकडा पुन्हा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझे ढीग मोडले. मी भडकलो.

"हवालदार, ह्यो सांगलीचा माल हाय. त्यात साताऱ्याचा कशाला घालताय?"

"मालक, गिऱ्हाईक सांगलीचा माल मागतंय का बेअरिंग मागतंय?"

"मला बराबर सापडतंय!"

"ऑपरेशनच्या टेबलावरनं बी?"

त्यांनी कामाप्रमाणे गट पाडले: फिरणारं, गळती थांबवणारं, घट्ट धरणारं. गटाच्या आत मापाप्रमाणे. रिकाम्या खोक्यांचे कप्पे केले आणि प्रत्येक कप्प्यावर नंबर आणि भाव लिहिला. भाव लिहून ठेवल्यावर मी गिऱ्हाइकाशी बोलायचं तरी काय, म्हणून आणखी एक दिवस आमचं वाजलं.

इथवर कुणीही केलं असतं. खरी अक्कल पुढे होती. टँकरच्या पंपाला एक रबरी सील लागतं. पण सील म्हणून कुणी मागत नाही. जतचा ड्रायव्हर काळी चकती म्हणतो, दुसरा रबरी वडा म्हणतो, मेकॅनिक नुसता पार्टचा नंबर सांगतो. मी म्हटलं, खरं नाव लिहा, लोक शिकतील. हवालदार म्हणाले, "आपल्याला शिकवायचं न्हाई, द्यायचंय." त्यांनी प्रत्येक नावाची वेगळी चिठ्ठी केली आणि गल्ल्याशेजारी अक्षरांच्या क्रमाने फळीवर टोचली. सगळ्या चिठ्ठ्यांवर कप्प्याचा नंबर एकच. वीस वर्षं त्या गल्ल्यावर बसून हे मला सुचलं नव्हतं.

दवाखान्यात फोन उशाशी ठेवला होता. हवालदारांचं अडणार आणि फोन येणार, याची मला खात्री होती. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला.

"काय अडलं न्हाई का?"

"न्हाई मालक. टँकरवाले आले, घेऊन गेले. तुमचे थोरले भाऊ बी येऊन गेले."

"त्यो कशाला?"

"त्यांच्या गिऱ्हाइकाला काळी चकती पायजे हुती. त्यांच्याकडं न्हवती."

टाके ताणले जातील याचं भान न ठेवता मी उठून बसलो. "किती घेतलं?"

"कप्प्यावर लिवलंय तेवढं."

"आवं, दुप्पट लावायचं त्याला!"

"चिठ्ठ्या वाचत लय वेळ हुबे हुते. म्हणाले, ही अक्कल कुणाची?"

"मग?"

"मालकांची, म्हटलं."

मी फोन ठेवला आणि परत आडवा झालो. अक्कल सगळी हवालदारांची होती, ते इथे पहिल्यांदा लिहितोय. भावाला मात्र अजून सांगितलेलं नाही.