दामाजीची शुक्रवारची शाळा

दामाजीच्या हातांना शुक्रवारी एक वास यायचा आणि बाकीचे सहा दिवस दुसरा. शुक्रवारचा वास कुटलेल्या निंबोळ्यांचा. दुसरा जो होता तो साबणाने जात नसे, खोबरेल चोळूनही जात नसे. हे मला ठाऊक, कारण माझ्याही हातांना तोच यायचा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पिकावरची कीड मारायची पावडर व्हायची, तिथे पॅकिंगला आम्ही शेजारी शेजारी बसायचो. तो भरायचा, मी तोंड बंद करायचो. पिशवीचं म्हणतो. दामाजीचं तोंड बंद करणं तेव्हा कुणालाही जमलं नसतं.

माणूस इथलाच, आगरी, शिळफाट्यापासून आत असलेल्या आंबेखोलचा. वसाहत झाली तेव्हा त्याच्या बापाची भातशेती गेली आणि त्या बदल्यात घरटी एकाला नोकरी मिळाली. बापाने ती केली नाही, केली दामाजीने. मी साताऱ्याकडून पोटासाठी आलेलो, पण हा स्वतःच्याच जमिनीवर नोकर म्हणून आलेला. हे तो हसत सांगायचा. घरी आई, बायको शालन आणि दोन मुली. गावात विहिरीजवळ उरलेले बारा गुंठे. बारा गुंठ्यांत भेंडी होते, संसार होत नाही.

आता गंमत सांगतो. पाळी संपली की आम्ही जमीन झाडायचो आणि ती झाडण, म्हणजे सांडलेली पावडर आणि धूळ, खड्ड्यात पुरायची असा नियम होता. खड्डा भरलेला मी कधी पाहिला नाही. झाडण ज्याच्या त्याच्या गावी जायची. दामाजी आठवड्याला एक पिशवी न्यायचा आणि आंबेखोलमध्ये त्याला जावयासारखा मान मिळायचा. बाया ती झाडण जुन्या पायमोज्यात भरायच्या आणि भेंडीवर झटकत फिरायच्या, अनवाणी, पदर नाकाला लावून. मग तीच भेंडी पाटीत भरून डोंबिवलीच्या बाजारात. आमच्या घरीही तीच यायची. मी आवडीने खायचो.

एकोणनव्वद साली आवडाबाईची म्हैस मेली. आवडाबाई म्हणजे दामाजीच्या चुलतभावाची विधवा. भेंडीची उपटलेली झाडं तिने म्हशीपुढे टाकली आणि दुपारपर्यंत म्हैस आडवी. गाभण होती. दामाजीला वाटलं, आता ही मला वेशीपर्यंत शिव्या घालणार.  तिसऱ्या दिवशी वाटेत भेटली तर म्हणते, "भावजी, म्हैस गेली ती गेली, भेंरीवर अली तं हायच. या वारी पावडर जरा जास्ती आना." हे सांगताना दामाजीचा चेहरा असा झालेला की मी त्या दिवशी चार पिशव्या उलट्या बाजूने शिवल्या.

त्यानंतर त्याने झाडण नेणं सोडलं. मुरबाडकडे एक संस्था बिनविषाची कीड-राखण शिकवते असं त्याला कुणीतरी सांगितलं. चार दिवसांचं शिबिर होतं. रजेच्या अर्जात मेव्हण्याचं लग्न लिहिलं. मेव्हण्याला तेव्हा दोन पोरं होती. शिबिराहून आला तो एखाद्या देवस्थानाहून आल्यासारखा. पॅकिंगला बसल्या बसल्या मला सगळं शिकवून टाकलं. हातात विषाची पिशवी आणि तोंडी हे, की कोणता किडा आपला, कोणता परका, अळीने पोखरलेला शेंडा कसा मान टाकतो, तो दिसला की खुडून कसा पुरायचा. समोर साहेबांची काचेची केबिन. मी आपला हो हो करायचो आणि केबिनकडे बघायचो.

आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. म्हणून त्याची शाळाही शुक्रवारी, आवडाबाईच्या वाफ्यात. पहिल्या शुक्रवारी तीन माणसं आली, त्यातलं एक म्हणजे मी. दुसरी आवडाबाई. तिसरा तिचा सासऱ्याकडून कुणीतरी लागणारा गोमाजीकाका, जो फक्त टिंगल करायला आलेला. दामाजीने तेलाचे रिकामे डबे कापून पत्रे केले होते, कल्याणच्या एका रिक्षा रंगवणाऱ्याकडून उरलेला पिवळा रंग आणून ते रंगवले होते आणि वर एरंडेल फासून काठीला टांगले होते. पिवळ्या रंगावर पांढरी माशी येते आणि चिकटते. गोमाजीकाकाने पत्र्यांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दाम्या, शेतान रिक्षाचा स्टँड काढतंस क काय?" पुढच्या शुक्रवारी पत्रे काळे झालेले, इतक्या माश्या. काकाने त्यातला एक गुपचूप आपल्या वाफ्यात नेऊन लावला.

मग याच काकाने घोटाळा केला. दामाजीने सगळ्यांना सांगितलं होतं, आपल्या झाडावरचे किडे काड्यापेटीत भरून आणा, बघू. काका दोन पेट्या भरून घेऊन आला. काळे, काटेरी, ओंगळ किडे, नीट चिरडलेले. छाती पुढे काढून म्हणाला, सकाळपासून हेच वेचतोय. दामाजीने पेटी उघडली आणि डोक्याला हात लावला. ती ढालकिड्याची पिलं. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, खाऊन जगणारी, आपल्या बाजूची. सगळी पलटण काकाने मारलेली. त्या महिन्यात काकाच्या भेंडीवर मावा असा आला की पानं चिकट झाली. पण तेव्हापासून काका कुठलाही किडा मारायच्या आधी दामाजीला हाक मारायचा. माणूस चुकला की पक्का शिकतो, असं दामाजी म्हणे.

निंबोळ्यांचं तर मी आयुष्यभर सांगत राहीन. आमच्या पट्ट्यात कडुनिंब तसा कमीच. पण कारखान्याच्या आवारात झाडं लावायच्या कार्यक्रमात कुणी साहेबांनी दोन लावलेले, चांगले वाढलेले. पावसाच्या तोंडावर त्यांच्याखाली निंबोळ्यांचा सडा पडे. दामाजी जेवणाच्या सुट्टीत त्या वेचायचा, वाळवायचा आणि डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचा. वॉचमन पिशवी तपासायचा. एकदा त्याने विचारलं, हे कशाला. दामाजी म्हणाला, मूळव्याधीला. त्यावर वॉचमननेच मूठभर मागून घेतल्या.

चार वर्षं असं चाललं. तिघांचे पंधरा-सोळा झाले, बहुतेक बाया. पण दामाजी खुश होता असं समजू नका. शनिवारी सकाळी मशीनपुढे बसला की तासभर बोलायचा नाही. एकदा म्हणाला, "धोंडीबा, मी शुक्रवारी जे पुसतो ते शनिवारी परत लिवतो." मी म्हटलं, सोड नोकरी. तो म्हणाला, मुलींना काय भेंडी घालू? सोडून जायचं तर दुसऱ्या कारखान्यात, आणि त्या कारखान्यात तरी काय पेढे बनतात?

त्र्याण्णव सालच्या मार्चमध्ये साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून मी बघत होतो. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. चहा दिला म्हटल्यावर मी घाबरलो. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात टाइप केलेला एक कागद होता.

कंपनीची माणसं गावोगाव शेतकरी मेळावे घेत होती आणि आंबेखोलला गेल्यावर त्यांना कळलं की इथे मेळाव्याआधीच एक शाळा चालते, आणि मास्तर आपल्याच पॅकिंगचा आहे. साहेब मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, दामाजी, तुम्ही शिकवता ते चांगलंच आहे, गाव तुमचं ऐकतं, मग आपल्या मेळाव्यात दोन शब्द तुम्हीच बोला. दोन शब्द म्हणजे कागदावरच्या आठ ओळी. बारा वर्षं मी ही पावडर हाताळतो, मला काही झालं नाही, माझ्या स्वतःच्या भेंडीवर हीच वापरतो, तुम्हीही वापरा. शेवटी साहेब एवढंच म्हणाले की पॅकिंगला नवीन मशीन येतंय, चार माणसं कमी होतील, कुणाला ठेवायचं याची यादी ते स्वतः करताहेत.

म्हणजे बघा. ओळी वाचल्या तर शाळा संपली, आवडाबाईला तोंड दाखवायची सोय नाही. नाही वाचल्या तर घर बसलं. आठवडाभर तो जेवणाच्या सुट्टीत तो कागद डब्याखाली ठेवून जेवायचा. मी विचारलं, काय ठरवलंस? तो म्हणाला, ठरवायला दोन वाटा लागतात.

मेळावा गावातल्या मुलांच्या शाळेच्या पटांगणात होता. मांडव, लाऊडस्पीकर, प्रत्येकाला एक टोपी आणि एक कॅलेंडर. गोमाजीकाकाने दोन टोप्या घेतल्या आणि एकावर एक घातल्या. मी मुद्दाम गेलेलो. साहेब बोलले, मग कंपनीच्या प्रतिनिधीने पंप पाठीला लावून फवारा दाखवला, मग दामाजीचं नाव पुकारलं. तो कंपनीचा शर्ट घालून उभा राहिला. कागद काढला. "मी बारा वरसां ही पावडर भरतंय," एवढं बोलला आणि थांबला. लाऊडस्पीकरमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

बायांमधून आवडाबाई उभी राहिली. आवाज कसला, खाडीपलीकडे जाईल असा. तिने विचारलं, "भावजी, फवारल्यावर तोरा कवा करायचा?"

तोरा म्हणजे तोडा, भेंडीची तोडणी. साधा प्रश्न. साहेबांनी मान हलवून दामाजीला खूण केली, सांगा सांगा. दामाजीने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. आठ ओळींत हे नव्हतं. मग तो टेबलाकडे वळला, तिथे नमुन्याची खोकी मांडलेली, त्यातलं एक उघडलं आणि आतलं माहितीपत्रक काढलं. पिशव्यांच्या प्रत्येक खोक्यात एक घालतात, चार घड्या केलेलं. बारा वर्षांत आम्ही दोघांनी किती घातली असतील ती देवाला ठाऊक, पण उलगडून वाचलं एकानेही नव्हतं. अक्षर मुंगीएवढं. त्याने गोमाजीकाकाचा चष्मा मागून घेतला आणि वाचलं.

"फवारणीनंतर सात दिवस पीक तोडू नये."

 ज्याने भेंडी लावली नाही त्याला यात काही वाटणार नाही. भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो. आज तोडली नाही तर परवा जून होते, तेरवा गिऱ्हाईक हात लावत नाही.

"सात दिस?" गोमाजीकाका दोन्ही टोप्यांसकट उठला. "सात दिसान भेंरीची लाकरां व्हतील."

हशा पिकला. दामाजी हसला नाही. त्याने पुढचं वाचलं. हातमोजे घालावेत. नाक-तोंड झाकावं. अनवाणी पायाने शेतात जाऊ नये. उरलेला पाला गुरांना घालू नये. हे शेवटचं त्याने दोनदा वाचलं. बाया आपापल्या पायांकडे बघत होत्या. आवडाबाई मात्र त्याच्याकडेच बघत होती.

साहेबांनी माइक घेतला आणि सांगितलं की हे सगळं कायद्याने छापावंच लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

"मंग खोटां हाय काय ते?" काकाने विचारलं.

साहेबांनी माइक खाली ठेवला. खोटं म्हणता येईना, खरं म्हणता येईना. मला त्यांची दया आली, खरंच. तेही कुणाच्या तरी यादीत असतीलच.

दामाजीला काढता आलं नाही. काय म्हणून काढणार? त्याने कंपनीचाच कागद वाचलेला, आणि यादीत घातला असता तर का घातला हे अख्ख्या गावाला कळलं असतं. आठव्या दिवशी त्याची बदली झाली, पॅकिंगमधून मिक्सिंगच्या शेडमध्ये. तिथे पावडर पिशवीत नसते, हवेत असते. इकडे आम्ही पॅकिंगच्या लोकांनी पत्रक दाखवून हातमोजे मागितले. बरीच पत्रापत्री होऊन मिळाले, दोन माणसांत एक जोड. मला डावा आला. दामाजीला सांगितलं तेव्हा तो हसता हसता खोकायला लागला, आणि तो खोकला मग थांबलाच नाही.

मेळाव्यानंतरच्या शुक्रवारी वाफ्यात तेवीस माणसं आली. सगळ्यांचा एकच सवाल, आज फवारून उद्या तोडता येईल असं काय आहे तुझ्याकडे? होतं त्याच्याकडे. रात्रभर भिजवलेल्या निंबोळ्या, गाळायला जुनं धोतर, आणि दोन डोळे व दहा बोटं. दोन-तीन वर्षांत आंबेखोलची निम्मी भेंडी तशी निघू लागली. निम्मीच हं. उरलेली निम्मी नाक्यावरच्या दुकानातल्या पावडरवर पिकायची, आणि ती पावडर दामाजीने कालवलेली असायची.

पुढे पुढे त्याला सलग बोलवेना. मग शाळा आवडाबाईने घेतली. तो बांधावर बसून काठीने दाखवायचा आणि ती सांगायची, तेही मोठ्याने, मधून मधून त्याच्यावरच डाफरत, "भावजी, नुसती काठी नको हलवू, कंचा किरा ते नीट दाखव." सगळ्या बाया हसायच्या. तोही हसायचा, तोंडावर रुमाल धरून. पाच वाजले की शालन त्याला घ्यायला यायची. तो उठताना म्हणायचा, वैनी, बाकीचं तू पुरं कर, मला सकाळची पाळी हाय.

अठ्ठ्याण्णवपर्यंत, निवृत्त होईस्तोवर, त्याने एक शनिवार चुकवला नाही. सातच्या भोंग्याला गेटवर उभा. मी मोजा घातलेल्या डाव्या हाताने रामराम करायचो, तो मान हलवायचा आणि शेडमध्ये शिरायचा.