मास्तरांची रेघ

नव्वदचं दशक सरताना आम्ही राजारामपुरीत तळमजल्यावर राहत होतो. वडील निवृत्त मास्तर. खुब्याचं हाड मोडलं आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. पुढच्या दाराला सात पायऱ्या, त्यामुळे घरातच अडकले. मागची गल्ली मात्र चढावर, थेट आमच्या फरशीच्या पातळीला. मधे एक काँक्रीटची भिंत. इंजिनिअर म्हणाले, भार वरच्या बीमवर आहे, खुशाल भिंतीत दार पाडा.

पण भिंत निघाली दक्षिणेची. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातले देव बाहेर गेले होते. अंधश्रद्धेवर वडिलांनी उभा जन्म भाषणं ठोकली. त्याच घरात बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं वास्तुतज्ज्ञ आणला. त्यानं होकायंत्र फिरवून पूर्व दाखवली. "आपला विश्वास नाही, पण उगीच विषाची परीक्षा कशाला?" भाऊ म्हणाला. मीही मान डोलावली. शिकल्यासवरल्या माणसाचा सगळा भित्रेपणा त्या 'पण'मध्ये मावतो.

मिस्त्री जवळच्या गडमुडशिंगी गावचा, वडिलांचा जुना विद्यार्थी. त्यानं सळया कापून पूर्वेला दार पाडलं. बाहेर दीड हातावर कंपाउंडची भिंत. हे आधीही सगळ्यांना दिसत होतं, पण शुभ कामात मोडता कोण घालणार? खुर्ची तिथं वळेना. त्या दाराचा लाभ फक्त शेजारच्या मांजराला झाला.

या सगळ्यात तीन महिने गेले. एके सकाळी भाऊ बँकेत गेल्यावर वडिलांनी मिस्त्रीला बोलावलं, माझ्याकडून खडू मागून घेतला आणि खुर्चीत बसूनच दक्षिणेच्या भिंतीवर दार आखलं.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, वरची रेघ लई खाली हाय की."

"माझा हात तिथवरच पोचतो."

"मग ऱ्हाऊ दे तितंच."

मास्तरांची रेघ ओलांडायची त्याची टाप शाळेतही नव्हती. त्यानं कटर लावला आणि दिवसभर घरात सिमेंटचा धुरळा करून बरोबर रेघेवर दार कापलं.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा वडील धुतलेला सदरा घालून तयार होते. ते ताठ बसून बाहेर पडले. मागून आम्ही दोघं कमरेत वाकून. मी खुर्ची ढकलायला हात लावला.

"सोड," ते म्हणाले. "तीन महिने माझ्या दाराबद्दल तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला सोडून."

मला लाज वाटली. मी हात काढून घेतला.