काटेपूर्णेच्या वाळूतलं टरबूज

चैत्रात अमरावतीहून अकोल्याला जाऊ नये, असं मला निघण्याआधीच वाटत होतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं. अकोल्यात चार कुटुंबं नव्याने ख्रिस्ती झाली होती आणि त्यांच्यापुढे यांचा उपदेश व्हायचा होता. विषय, पीडितांवर प्रभूची करुणा. तिथल्या बायकांशी बोलायला कोणी हवं, म्हणून मी. परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही, हे यांना लग्नापासून ठाऊक आहे.

करीमचाचांची बंडी (इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात) पहाटे निघाली आणि बडनेऱ्याच्या अलीकडेच कापसाच्या गाड्यांत अडकली. विलायतेत कापसाचा तुटवडा पडल्यापासून वऱ्हाडात माणसापेक्षा कापसाला मान आहे. पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये धूळ. बाभळीच्या काट्यांवर कापूस लोंबत होता, बैलांच्या शिंगांवरही. बाजूला व्हा म्हटलं की उत्तर एकच, "भाव उतरते ना बाप्पा." आणि या सगळ्यात हे उपदेशाची तयारी मोठ्याने करत होते. मूर्तिजापूर येईतो तो मला पाठ झाला होता. तिथे मुक्कामाला चून (आपलं पिठलं) आणि भाकरी मिळाली. तीत धूळ होतीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी काटेपूर्णा नदीच्या उतारावर गाड्या पुन्हा तुंबल्या. रस्त्याकडेला लिंबाखाली एक माणूस पडला होता. कापसाच्या गाडीवरचाच, ऊन लागलं, म्हणून सोबत्यांनी उतरवून ठेवला होता, येताना घेऊन जाऊ म्हणून. उशाशी रिकामा तांब्या. ओठ फुटून काळे पडले होते. मी आमच्या सुरईतलं पाणी लोट्यात ओतलं आणि खाली उतरले.

पण हे माझ्या आधी पोचले आणि पहिलंच वाक्य बोलले, "घाबरू नकोस, आम्ही ख्रिस्ती आहोत."

त्याने तोंड मिटून घेतलं. "मले नोको. तुमच्या हातचं नाई चालत."

करीमचाचा वरूनच म्हणाले, "मग माझं तं विचारूच नका."

बंडीत बसून पुढे चल म्हटलं, तर तेही नको. हे खाली बसून प्रभूपुढे जात नसते ते त्याला समजावू लागले. त्याच्या जातीच्या हातचं मिळावं म्हणून एका गाडीवानाला थांबवलं, पण त्यालाही आधी उपदेश सुरू केला. तो निघून गेला. पडलेल्या माणसाची जीभ आता टाळूला चिकटत होती. तास-दोन तासांत तो जाईल, हे मला दिसत होतं. पाणी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं.

मग मीच नदीत उतरले. चैत्रात तिथे नदी कसली, नुसती वाळू, आणि वाळूत टरबुजांची (कलिंगडांची) वाडी. एक बाई राखणीला बसली होती. एका माणसाला पाणी पाजायला येतेस का, एवढं विचारायला मला किती वेळ लागला ते सांगायची लाज वाटते.

ती म्हणाली, "मी उठली का गाडीवाले वाडी साफ करतात. टरबूज घेऊन जाय. फळाले इटाळ नाई."

मी ते उचलून धावत आले. तो बिचारा कसा कापेल, म्हणून बंडीतल्या सुरीने चांगल्या फोडी करून त्याच्यापुढे ठेवल्या.

त्याने फोडींकडे पाहिलं, माझ्या सुरीकडे पाहिलं आणि मान फिरवली. "कापलं काहून?"

मला रडू आलं नाही. राग आला. त्याचा, यांचा, त्या सुरीचा, आणि खोटं कशाला लिहू, प्रभूचाही. क्रुसावर स्वतःला तहान लागली होती, मग असल्या माणसाला एवढी तहान का द्यावी? तापलेल्या वाळूतून परत गेले. वाडीवाली हसली. "काहून व बाई, एक नाई पुरलं? पाव्हना मोठा खादाड दिसून राह्यला."

दुसरं टरबूज अख्खं आणलं, तेव्हा हे आडवे आले. म्हणाले, त्याच्या विटाळाला मान देणं पाप आहे. मी त्याला करुणा समजावतोय.

"पाप मला लागू दे. त्याचे ओठ ओले होईपर्यंत तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच. करीमचाचा बैलांकडे पाहत राहिले.

टरबूज त्याच्याजवळ लोटलं आणि दूर झाले. त्याने ते दोन्ही हातांनी दगडावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटलं, नाही. तिसऱ्यांदा फुटलं, आणि तो तोंड खुपसून, बियांसकट खात सुटला. इतक्यात पुढच्या गाड्या हलल्या, मागचे ओरडू लागले. आम्हाला निघावंच लागलं.

अकोल्यात उपदेश चांगला झाला. त्यात वाटेवरचा माणूस आला, सुरईतलं पाणी आलं. टरबूज नव्हतं. बायका रडल्या. मी कोणाशी बोलले नाही.

परतताना लिंबाखाली फक्त वाळलेली सालं होती. मी उतरून वाडीवर गेले. ती म्हणाली, सांजच्याले त्याच्या गावची गाडी आली, आपल्या पायानं चढला.

"काही म्हणाला का?"

"म्हने, त्या बाईनं चांगलं टरबूज नासवलं."

बंडीत बसल्यावर बराच वेळ मी धुसफुसत होते. मग वाटलं, प्रभूलाही हेच करावं लागलं. आहे तसाच आला असता, तर आम्ही सगळ्यांनी तोंड मिटून घेतलं असतं; म्हणून माणसाच्या सालीत आला, आणि तरी लोकांनी नावंच ठेवली. आमच्यापर्यंत येताना त्यालाही असाच वैताग आला असेल का, हे यांना विचारावंसं वाटलं. पण मूर्तिजापूर अजून लांब होतं. विचारलं असतं, तर तिथवर उपदेश चालला असता.