आईची चटणी दोह्याच्या बंदरापर्यंत आली

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

नाशिकचा चुलतभाऊ आणि वहिनी दुबईहून क्रूझवर निघालेत. त्यांचं जहाज आज दिवसभर दोह्यात होतं. मी रजा टाकून त्यांना फिरवायला गेले. नाशिकहून आईने दुखऱ्या हातांनी कुटलेली शेंगदाण्याची चटणी माझ्यासाठी त्यांच्याबरोबर दिली होती.

सूक वाकिफच्या जुन्या बाजारात दोघांचं एकच पालुपद, "दुबईसारखं नाही हं!" तेही ऐकून घेतलं.

शेवटी चटणीचं विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "अगं, जहाजावरचं जेवण इतकं फिकं, ती आम्हीच संपवली. तुला काय, इथे सगळं मिळतं."

वर दादा म्हणतो, "काकूला सांगू नकोस हं."

"खलास," मी म्हटलं. "बंदरावर आता टॅक्सीने जा."

आईचा फोन वाजतोय. चटणी कशी झालीय, हेच विचारणार. काय चव सांगू तिला?