दुखणं सांगणारा नवरा

माझ्या स्तनातली गाठ साधी निघाली, पण कळ काही थांबेना. म्हणून नसेजवळ सुई देऊन ती बधिर करणाऱ्या औरंगाबादच्या डॉक्टरांकडं गेले. माझ्याआधी करमाडची एक बाई होती. बाहेर बाकावर तिनं मला सगळं सांगितलं होतं, दुखणं माझ्यासारखंच. पुढचा नंबर माझा म्हणून मलाही आतच दाराशी बसवलं होतं. आत मात्र तिचा नवरा बोलू लागला.

"कुठं दुखतं?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

त्यानं स्वतःचा खांदा दाबून दाखवला.

"नेमकं कुठं?"

त्याचा हात बरगडीवर गेला, मग पाठीवर. चार लेकरांचा बाप, पण मधल्या जागेचं नाव घ्यायला जीभ रेटेना. बाई पदर सावरत त्याच्या हाताकडं बघत होती.

डॉक्टरांनी वैतागून सुई भरायला घेतली, तशी ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, यांनाच टोचा. दुखणं हेच सांगायलेत."