एक जास्त

शिक्षिका म्हणून मी तीस वर्षं आष्ट्याच्या शाळेची सहल वाईला नेली आणि तीस वर्षांत वाई पाहिली नाही. हसू नका, कोणत्याही बाईंना विचारा. घाटावर उतरलं की आमचं लक्ष देवळाकडे नसतं, पोरांच्या डोक्यांकडे असतं. कोण पाण्याजवळ गेला, कोणाची चप्पल राहिली, कोणाला उलटी होतेय. ढोल्या गणपतीपुढे उभी राहून मी दरवर्षी एकच धडा म्हणायचे: देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, त्यामुळे पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फुटून जातं. ती भिंत मी स्वतः मात्र कधी पाहिली नव्हती. मागे गेलं तर पुढची पोरं कोण सांभाळणार?

निवृत्त झाल्यावर ठरवलं, वाई नीट बघायची, एकटीनं. शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी काशीयात्रेचा गट जमवला होता. त्यांनी मला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी तोंड वर करून सांगितलं, एकटा जीव सदाशिव, मला गटाबिटाची गरज नाही, काशीलासुद्धा मी माझी जाईन. वाई ही त्याची रंगीत तालीम होती. ही जमली तर काशी जमेल, असा माझा हिशेब होता.

पहाटेची एसटी पकडून सांगलीहून निघाले. दहाच्या सुमाराला घाटावर पोचले आणि आधी देवळाच्या मागे गेले. भिंत खरोखर निमुळती होती. तिच्यावर हात ठेवला, दगड गार लागला. इतकी वर्षं खरं सांगत होते म्हणायचं, असं मनात आलं. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून वळले, तर मागे फक्त एक बाई धुणं बडवत होती.

मग पायरीवर बसून नदी पाहिली. हीच कृष्णा पुढे सांगलीत येते. महापुरात माझ्या गल्लीतही आली होती. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत मी उभी होते आणि खालून होडीवाल्यांनी विचारलं होतं, घरात किती माणसं हायत? मी म्हटलं, एक. ते म्हणाले, मग जरा थांबा, पलीकडं म्हातारी धरून नऊजण हायत. त्यांचं काही चुकलं नाही. दोन तासांनी ते आले आणि मला हात धरून उतरवलं. पण ते दोन तास मी विसरलेले नाही.

मग घाटावरच्याच काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदी पाहिला. त्याच्या गळ्यातली दगडी घुंगरं मोजली, सवयच ती. परत घाटावर आले तेव्हा एक सहल उतरली होती. निळ्या गणवेशातली पाचवी-सहावीची पोरं, बरोबर एक तरुण बाई. निघायची वेळ झाली होती. त्या ओरडत होत्या, जोडीनं उभं राहा, हात सोडायचा नाही. कान टवकारले माझे. हे माझंच वाक्य.

रांगेच्या शेवटी एक मुलगी एकटी उरली होती. सहलीत अशी एक उरतेच, आणि तिचा हात नेहमी बाईंनी धरायचा असतो. तिनं मान वर न करता हात बाजूला पसरला. मी तो धरला. विचार केला नाही, तीस वर्षं जे केलं तेच केलं. रांग चालू लागली, मीही चालू लागले. तिचा तळवा चिंचेच्या गोळीनं चिकट झाला होता.

गाडीपाशी बाईंनी हातातल्या कागदावर नजर ठेवून जोड्या मोजल्या. दोन, चार, सहा करत शेवटी आल्या. बावन्न. त्यांचा चेहरा पडला. पोरं एक्कावन्नच आणली होती. एक कमी झालं की काळीज हलतं, हे मला माहीत आहे. पण एक जास्त झालं तर काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही. त्यांनी मान वर केली आणि मी दिसले.

मुलगी म्हणाली, "बाई, ह्या माझ्या जोडीला हायत."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत, त्यांनी हळूच तिचा हात माझ्या हातातून काढून घेतला. मला अगदी आदरानं विचारलं, तुम्ही कोणाबरोबर आलाय? मी सांगितलं, मीसुद्धा शिक्षिका होते. एवढंच सुचलं. त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळलं. गाडी सुटली. मी तिथंच उभी राहिले आणि मला भयंकर एकटं वाटलं. आधीही वाटत असणार, पण मी ते मान्य करत नव्हते.

स्टँडवर येऊन काशीवाल्या बाईंना फोन लावला. एक जागा आहे का, विचारलं. त्या हळहळल्या. खोल्या दोघींत एक अशा होत्या, जोड्या लागून गेल्या होत्या. आधी बोलला असतात तर, असं म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

"असू दे," मी म्हटलं. पण फोन ठेवला नाही. सांगलीची गाडी फलाटाला लागली, लोक धावले, तरी मी कानाला फोन धरून उभी होते.

"कोणाचं रद्द झालं," मी म्हटलं, "तर माझा हात धराल का?"