आतून लावलेल्या तारा

माझे वरचे दोन दात पुढे होते आणि त्यांच्या शेजारचे दोन जागा न मिळाल्यासारखे तिरके उभे होते. पुण्याच्या कडेला, वारज्यात आमच्या घरी याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. वडिलांचे दात तसेच, दोन्ही आत्यांचे तसेच. आमच्याकडच्या लग्नाच्या फोटोत कोण कुणाकडचं हे दात बघून सांगता येतं. सव्विसाव्या वर्षापर्यंत मला दात आहेत, त्यांनी जेवता येतं, यापलीकडे मी त्यांचा विचार केलेला नव्हता.

तो विचार करायची वेळ आणली ज्याच्याशी माझं लग्न ठरत होतं त्याने. आम्ही एकाच कंपनीत कामाला होतो आणि आमचं आम्हीच ठरवलं होतं. तो शनिवार पेठेतला. वडील नव्हते, आई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. आमची वारज्याला शेती होती. तिच्यातल्या बऱ्याच भागावर आता इमारती आहेत आणि उरलेल्या तुकड्यात वडील मेथी-कोथिंबीर काढतात. त्याच्या आईंनी जातीपातीचा एक शब्दही काढला नाही, हे तो मला वारंवार सांगायचा आणि दर वेळी मी कृतज्ञ व्हायचे. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. एक शब्द न काढल्याचं कौतुक माणूस किती वेळा ऐकून घेतो!

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, खाल्लं-प्यायलं, मोकळेपणाने हसले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, “आईला तू आवडलीस.” मग चहात साखर ढवळत राहिला. “दात तेवढे पुढे आहेत म्हणाली. सहज म्हणाली.”

पुण्यातल्या पेठांमध्ये कुणी काही सहज म्हणत नाही, एवढं मला तोवर कळत होतं. मग त्याने त्याची योजना सांगितली. हल्ली दातांच्या आतल्या बाजूने तारा लावतात, बाहेरून काहीही दिसत नाही. त्या लावून घ्यायच्या आणि आईला मात्र काही सांगायचं नाही. आपण सहज बोललो ते मुलीच्या मनाला लागलं, असं वाटून त्यांना वाईट वाटेल. शिवाय साखरपुड्याच्या फोटोत तारा दिसल्या तर लोक म्हणणार, लग्नासाठी दात सरळ करून घेतले.

“मग दात सरळ झालेले दिसणारच ना आईंना?” मी विचारलं.

“हळूहळू होतात गं. कळणार पण नाही. कोण एवढं निरखून बघतंय?”

“कोणी बघत नाही तर करायचे कशाला?”

यावर तो हसला आणि माझ्या हातावर हात ठेवला. उत्तर नसलं की तो असं करायचा. तेव्हा मला ते प्रेम वाटायचं.

सदाशिव पेठेत एका बाईंचा दवाखाना होता, तिथे तो मला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, फटकळ. त्यांनी टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडले. एकाला बाहेरून धातूच्या तारा, एकाला दातांच्या रंगाच्या, एकावर पारदर्शक टोपी आणि शेवटच्याला आतून तारा. टोपीने माझे तिरके दात हवे तसे वळणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. बाहेरून लावल्या तर काम सोपं होईल, साफ ठेवायलाही सोपं. आतल्या दिसत नाहीत, पण जिभेला सतत लागतात आणि बोलण्यात फरक पडतो. काहींची जीभ लवकर रुळते, काहींची रुळता रुळत नाही.

“तर तुम्हाला कुठल्या हव्यात?” त्यांनी मला विचारलं.

“आतल्याच,” तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “तोंड कोणाचं आहे?”

तो हसला. मीही हसले आणि आतल्याच म्हणाले. त्यांनी जबडे उचलून कपाटात ठेवले.

तारा बसल्या आणि तोंडात किसणी घेऊन फिरल्यासारखं झालं. जिभेची कड सोलून निघाली. आई भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली, लहान मुलाला देतात तशी. ते सगळं सोसलं असतं, पण माझा ‘स’ गेला. सकाळची शकाळ झाली, सासूची शाशू झाली. ऑफिसात मी बैठकीत बोलायचं टाळू लागले, फोनवर बोलण्याऐवजी मेल लिहू लागले.

हे मला का एवढं झोंबलं ते सांगायला हवं. शहरातल्या कॉलेजात आले तेव्हा मी ‘हाय’ म्हणायचे, ‘पानी’ म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, “हाय कोणाला करतेस?” त्या दिवसापासून मी जिभेला वळण लावायला घेतलं. बसमध्ये मनातल्या मनात ‘आहे, आहे’ घोकायचे. ‘ण’ आणि ‘ळ’ तासून घेतले. घरी जुनं बोलायचे, वारज्याचा पूल ओलांडला की नवं. एवढी वर्षं खपून जे कमावलं ते तारेच्या एका वेटोळ्याने घालवलं आणि ती तार मी स्वतःहून, हसून बसवून घेतली होती.

वडिलांना मी सगळं सांगितलं होतं, फक्त त्याच्या आईंच्या कानावर जायला नको अशी अट घातली होती. ते म्हणाले, “काय वाईट हायेत गं दात? मला बी असलेच हायेत. माझं काय अडलं?” मी म्हटलं, “आप्पा, तुमचं वेगळं.” त्यावर ते भाजीच्या जुड्या बांधायला उठून गेले.

काही महिन्यांनी, साखरपुड्याआधी, दोन्ही घरच्यांचं जेवण त्यांच्या घरी ठरलं. त्यांच्याकडून तो, आई आणि त्याची एक मावशी. आमच्याकडून वडील आणि मी, कारण आईला ताप होता. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि घरच्या मेथीच्या जुड्या पिशवीत घेतल्या होत्या. त्याच्या आईंनी त्या दारातच घेतल्या, “अहो, कशाला एवढं,” म्हणाल्या आणि थेट गॅलरीत नेऊन ठेवल्या.

त्या घरात जेवणाला बसल्यावर वाढून होईपर्यंत कुणीतरी श्लोक म्हणायचा, अशी पद्धत होती. पहिला वरण-भात वाढला गेला आणि त्याच्या आई म्हणाल्या, “आज नवी सून म्हणेल.” मला श्लोक पाठ होता, शाळेत रोज म्हणायचो. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, म्हण म्हण अशा अर्थाने. मी म्हटला. हळू म्हटला, प्रत्येक ‘स’पाशी अडखळत म्हटला. मावशींनी ताटात मान घातली ती वर केलीच नाही.

श्लोक संपला. त्याच्या आई माझ्याकडे वळल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, “अगं, वाईट वाटून घेऊ नकोस हं. उच्चारांचं सवयीवर असतं. म्हण बघू, साखर.”

मी म्हटलं. शाखर आलं.

“तसं नाही. जीभ वरच्या दातांच्या मागे आण आणि तिथून हवा सोड. माझ्याकडची मुलं एका वर्षात सुधारायची. साखर. म्हण.”

वरच्या दातांच्या मागे. जिथे त्यांच्या मुलाने तार घालायला लावली होती नेमकं तिथे! मी जीभ तिथे नेली, ती तारेला लागली आणि पुन्हा शाखरच आलं. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. भरल्या पानावर, आमटी निवत असताना, सव्वीस वर्षांची मी पहिलीतल्या पोरीसारखी साखर साखर म्हणत होते आणि तो माझ्या समोर बसून मठ्ठ्यातली कोथिंबीर बाजूला काढत होता. मी त्याच्याकडे टक लावून पाहत होते. एक वाक्य पुरलं असतं. आई, तिच्या दातांना तारा आहेत. त्याने मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली.

मग त्याच्या आई वडिलांना म्हणाल्या, “अहो, तिचा काही दोष नाही. घरात जे कानावर पडतं तेच जिभेवर बसतं. तिकडे वारज्याकडे असंच बोलतात ना?”

याचा राग मला अजूनही गिळता येत नाही. आमच्याकडची माणसं ‘श’चा ‘स’ करतात, शाळेला साळा म्हणतात. माझं तर उलटं होत होतं. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईंना एवढा फरक ऐकू येऊ नये? पहिल्या भेटीतला माझा साफ ‘स’ही आठवू नये? काय ऐकायचं ते आधीच ठरलेलं असलं की कान लागतातच कशाला.

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी घातलेली अट त्यांना आठवली असणार. मग ते हात जोडल्यासारखं करून म्हणाले, “व्हय ताई. माझ्यावर गेलीय ती. माझं बोलणंच असलं हाय, पोरीला तरी काय येणार?”

“शिकेल हो, इथे आली की शिकेल,” त्याच्या आई म्हणाल्या आणि त्यांना पोळी वाढली.

परत येताना वडील स्कूटरवर माझ्यामागे बसले होते. म्हात्रे पूल आला. मग ते म्हणाले, “तू सांगू नको म्हणलीस म्हणून म्या गप बसलो. त्यानं तरी सांगायचं व्हतं.” एवढंच. त्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, जेवण छान झालं, आई खूश आहे, श्लोकाचं तू मनावर घेऊ नकोस. मी विचारलं, तू का बोलला नाहीस. तर म्हणे, सगळ्यांसमोर आईला तोंडघशी कसं पाडायचं? माझे वडील तोंडघशी पडले ते त्याच्या हिशेबातच नव्हतं.

मी दवाखान्यात गेले आणि तारा काढा म्हणाले. बाई म्हणाल्या, दात अर्धे हललेत, आता सोडले तर पहिल्यापेक्षा वाईट दिसतील. मग मी म्हटलं, बाहेरून लावा. जाड, धातूच्या, ठळक दिसतील अशा. या वेळी त्या दुसऱ्या कुणाकडे न बघता कामाला लागल्या. त्या दिवशी घरी आल्यावर आरशासमोर साखर म्हटलं. साखरच आलं.

रविवारी सकाळी मी एकटीच शनिवार पेठेत गेले. त्याच्या आईंनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी बसले आणि सगळं सांगितलं. तारा आधी आतून होत्या, त्या दिवशी जेवताना होत्या, म्हणून ‘स’ येत नव्हता. वारज्याचा आणि माझ्या वडिलांचा त्यात काही संबंध नव्हता. हे सगळं मी सावकाश, एकही उच्चार न चुकता सांगितलं. योजना कोणाची होती, तेवढं त्याने सांगावं म्हणून सोडलं.

त्या गोंधळल्या. त्यांचा चेहरा उतरला, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन. “म्हणजे मी तुला तीन-तीनदा… अगं, मग सांगायचं नाही का?” आणि मग आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, “तुला ठाऊक होतं हे?”

मला वाटलं, आता तरी. खरंच वाटलं. पायातून काढलेल्या चपला तशाच दाराबाहेर राहतील, चहा होईल, थोडी रडारड होईल आणि हे घर माझं होईल. त्याने एवढंच म्हणायचं होतं की हो, माझंच डोकं.

“मला काय माहीत आई,” तो म्हणाला. “तिचं तिने ठरवलं.”

त्याच्या आईंनी त्याच्याकडे पाहिलं. पोटच्या मुलाचं खोटं आईला कळतं, त्यांनाही कळलं, कारण त्यांनी लगेच नजर खाली केली आणि टीपॉयवरचा पेपर घडी करायला घेतला. त्यांनी पुढे त्याला काही विचारलं नाही. मला विचारलं, चहा घेशील ना.

मी उठले. दाराबाहेर जाऊन चपला घातल्या. तो खोलीच्या दारातून हलला नाही, आई मात्र रीतीने उंबऱ्यापर्यंत आल्या.

“जाते,” मी म्हटलं.

“जाते म्हणू नये गं,” त्या सवयीने बोलून गेल्या. “येते म्हणावं.”

“नाही,” मी म्हटलं. “जातेच.”